सातही प्रतींत

"नाव सांग, बाई."

"बुकात हाय."

"कुठल्या पुस्तकात? हजेरीच्या?"

"नाय. तुमच्या. लाल पुठ्ठ्याच्या. तुमीच लिवलंय ना, भाऊ?"

मी मान वर केली. नोंदखोलीच्या खिडकीशी एक ठाकरीण उभी होती. पन्नाशीची असावी, किंवा चाळिशीचीच. त्या बायकांचं वय कळत नाही, डोंगर चढून उतरून त्या आधीच सुकतात. हातात कारखान्याची नोटीस होती, चार घड्या करून घामानं मऊ झालेली.

"अगं, मी तुझ्या नवऱ्याचं नाव विचारतोय."

"तेच सांगते. बुकात हाय. तुमी वाचा. मी कशी घेऊ?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि अर्ज तर करायचा. मी वैतागून टाक खाली ठेवला आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तू पोशाची बायको?"

तिनं पदर पुढे ओढला आणि मान हलवली. "कोंडी माजं नाव. ते सांगायचे, सात बुकात नाव हाय. येक हरवलं तरी सा ऱ्हातील. तेवडं बुक त्या सायबास्नी दावा, भाऊ. शनवारी येनार हायत ते वाडीत."

मंगळवार होता. एकोणीसशे पंचाहत्तरचा मार्च. मी तिला म्हणालो, "शुक्रवारी ये. बघतो."

बघायचं काय होतं? मला सगळं ठाऊक होतं. पण तेव्हा तोंडातून खरं निघालं नाही, आणि ती "बरं, भाऊ" म्हणून निश्चिंत मनानं गेली. तिची ती निश्चिंती मला अजून सलते.

आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी नागू कर्णूक. गाव खालापूरच्या अलीकडे, घरी भातशेती. मॅट्रिक झालो, अक्षर बरं होतं, म्हणून शिळफाट्याजवळच्या कापड रंगवायच्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो. तीस वर्षं एकाच खुर्चीत काढली. बढती एकदा मिळाली, तीही खुर्चीला हात बसवून मिळाली म्हणायची.

माझं काम म्हणजे लाल पुस्तक. कारखान्यातलं कुठलं यंत्र कसं चालवायचं, कुठला हुकूम झाला की कुठली चावी फिरवायची, हे सगळं त्यात लिहिलेलं. बॉयलरवर एक प्रत, रंगखात्यात एक, धुलाईत, फिटरांकडे, आगीच्या बंबाशी, साहेबांच्या केबिनमध्ये, आणि मूळ प्रत माझ्यापाशी. एकूण सात. मराठीचा टाइपरायटर नव्हता, तेव्हा सातही मी हातानं लिहायचो.

मी आलो तेव्हा नुसता गोंधळ होता. एकाच कामाला सकाळपाळी एक म्हणायची, दुपारपाळी दुसरं आणि रात्रपाळीला तर नाव घ्यायचीही गरज वाटत नसे, नुसते हातवारे. मी हे सगळं सरळ केलं. एक काम, एक नाव, सातही प्रतींत तेच. काही बदललं की मी स्वतः सात ठिकाणी जायचो, जुनं पान काढायचो, नवं घालायचो आणि जुनी सातही पानं मोजून बॉयलरच्या भट्टीत टाकायचो. नोंदवहीत सही करायचो, 'जुनी पाने नष्ट केली, एकही शिल्लक नाही.' जुनं नाव नोंदवहीतसुद्धा लिहायचं नाही, हा माझाच नियम. कारण माणसाला जुनं नाव दिसलं की तो तेच वापरतो. अहो, माझं मलाच कौतुक होतं त्या नियमाचं.

घरी बायको माझी थट्टा करायची. शकू तिचं नाव. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पाहुण्यांसमोर ती डबा उघडून म्हणायची, "यावर 'हळद' लिहिलंय, आणि आश्चर्य म्हणजे आत हळदच आहे! तुम्हीच बघा." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण आतून बरं वाटायचं.

आता पोशाचं.

तो कारखान्याचा माणूस नव्हता, कंत्राटदाराचा होता. कोळसा ओढायचा. कंत्राटदाराच्या हजेरीत नावं नसायचीच, 'मजूर बारा', 'मजूर चौदा', एवढंच. पोशा त्या बारांतला एक. कारखान्यामागे ओढ्यापलीकडे अकरा झोपड्यांची वाडी होती, तिथून यायचा. बारीक, काळा, कमी बोलणारा.

रविवारी कारखाना बंद असे. सोमवारी सकाळी वाफेची मोठी नळी गार पडलेली असायची. तिच्यात वाफ सोडली की नळी आतून धाडधाड ठोके द्यायची. असे ठोके, की रंगखात्याचे पत्रे थरथरत. एका सोमवारी सांधा फुटला आणि एका माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून सोमवार उजाडला की बॉयलरवर कुणी वाफेच्या चावीला हात लावायला तयार नसे. हे एकसष्ट सालचं.

बॉयलरचा मिस्त्री होता नामा. दांडगा माणूस, तोंडात सदैव शिवी, पण कामाचा पक्का. तो चावी धरून उभा आहे, कपाळाला घाम, आणि मागून पोशा कोळशाची पाटी खाली ठेवून म्हणाला, "मिस्त्री, नळीच्या पोटात पानी हाय."

"तुला काय रं म्हाईत? तू पाटी उचल."

पोशानं पाटी उचलली नाही. एक काठी घेतली, तिचं एक टोक नळीला लावलं आणि दुसरं कानाला. झाडाच्या ढोलीत मधमाश्या आहेत का, हे डोंगरातली माणसं असंच बघतात म्हणे. तो म्हणाला, "आदी खालची बारीक तोटी उगडा. मंग मोटी चावी पाव फेरा. तेवडीच. मंग थांबा. नळी टकटक करती, ती गप झाली का मंग सोडा समदी."

नामामिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं, मग चावीकडे. म्हणाला, "तू ऐक, मी फिरवतो." पाव फेरा. मग सगळे गप्प उभे. पोशा काठीला कान लावून. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आता." वाफ गेली. एक ठोका नाही. नामामिस्त्रीनं त्या दिवशी पहिल्यांदा एक सबंध तास शिवी दिली नाही म्हणतात.

आठवड्यानं मला लिहून घ्यायला बोलावलं. मी विचारलं, "या क्रियेला नाव काय द्यायचं?"

"पोशाचा फेरा," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, असं माणसाचं नाव पुस्तकात बसत नाही. उद्या कोण म्हणेल सखूचा पंप, परवा गोंदाची तोटी—"

"नागू, तीन पाळ्यांत येकच नाव पायजे, आसं तूच बोंबलतोस ना रं? तिन्ही पाळ्या याला पोशाचा फेराच म्हनतात. आठ दीस झालं. तुजं दुसरं कंचं नाव आजवर तिगांनी मानलं, सांग."

मी लिहिलं. क्रिया सात, पोशाचा फेरा. सातही प्रतींत.

दुसऱ्या दिवशी पोशा खिडकीशी आला. आत यायला तयार नाही, पायांना कोळसा होता म्हणून. मी पुस्तक खिडकीवर ठेवलं. "हे बघ, तुझं नाव."

"कुटं?"

"हे."

त्यानं बोट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, अक्षरावरून हळूच फिरवलं, मांजराच्या पाठीवरून फिरवावं तसं. "येवडंच आस्तंय व्हय माजं नाव," तो म्हणाला. मग विचारलं, "दुसऱ्या बुकात बी?"

"सातही प्रतींत."

तो हसला. पोशा हसलेला मी एकदाच पाहिला. आणि तो गेल्यावर पाहतो तो पानावर काळ्या बोटाचा हा एवढा डाग! मी चडफडलो. ते पान काढलं, फाडलं आणि स्वच्छ नवं लिहून लावलं. माणूस कसा असतो बघा. एवढा आनंद डोळ्यांदेखत झाला आणि मला दिसला तो डाग.

पोशा पुढे अकरा वर्षं कोळसा ओढत राहिला. दर सोमवारी चावी फिरवताना त्याला कान लावायला बोलवायचे. कारखान्यात कायम मात्र त्याला कुणी केलं नाही. नामामिस्त्रीनं दोनदा खटपट केली, मग मिस्त्रीच हृदयविकारानं गेला. बहात्तर साली तापानं पोशाही गेला. मी वाडीत गेलो नाही. ओढा ओलांडला की वाडी, पण गेलो नाही. नोंदखोलीत कळलं, "अरेरे" म्हणालो आणि टाक दौतीत बुडवला.

चौऱ्याहत्तर साली नवे इंजिनियरसाहेब आले. तरुण, हुशार, वागायला सौम्य. पहिल्याच आठवड्यात माझं लाल पुस्तक घेऊन बसले आणि मला बोलावून म्हणाले, "कर्णूक, हे काम कुणाचं? फार नेटकं आहे." वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नेटकं म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

ते म्हणाले, "फक्त नावं एका धाटणीची करू. आधी वस्तू, मग क्रिया. 'टाकी भरणे', 'पंप थांबवणे', 'वाफनळी उघडणे'. नवा माणूस आला तरी नुसत्या नावावरून त्याला काम कळलं पाहिजे."

खरंच होतं ते! मी वीस वर्षं जे अर्धवट करत होतो, ते यांनी एका वाक्यात सांगितलं. एकशे बारा नावं होती. दोन महिने मी घरी दिवा लागल्यावर पोचायचो. शकू म्हणायची, "नवं लग्न झाल्यासारखे दिसताय." आणि खरंच सांगतो, मी सुखात होतो.

क्रिया सात आली. 'पोशाचा फेरा' खोडून मी लिहिलं, 'मुख्य वाफनळी, निचरा करून उघडणे.' माझा हात क्षणभर थांबला, असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. नाही थांबला. उलट, हे एक विक्षिप्त नाव एकदाचं निघालं म्हणून समाधानच वाटलं.

जुनी पानं मोजली. सातशे चौऱ्याऐंशी. ती घेऊन बॉयलरवर गेलो. भट्टीवर कमळ्या होता. त्यानं दार उघडलं आणि मी गठ्ठे आत टाकायला लागलो.

"भाऊ, यात पोशा बी गेला का?" कमळ्यानं विचारलं.

"नाव गेलं. काम आहे तेच."

"आमी तर पोशाचा फेराच म्हननार बा."

"म्हणू नका. पुस्तकात आहे तेच म्हणायचं," मी म्हणालो आणि खोलीत येऊन सही केली. एकही शिल्लक नाही.

आणि मग वर्षाच्या आत ती नोटीस निघाली. कारखान्याला नवं गोदाम बांधायचं होतं. वाडीची जमीन कारखान्यानं कधीच विकत घेतलेली होती, अकरा झोपड्यांना ते कधी कळलंही नव्हतं. इंजिनियरसाहेबांनी त्यातल्या त्यात माणुसकी दाखवली. ज्या घरचा माणूस पासष्ट सालाआधी कारखान्यात कामाला होता असं कुठल्याही कारखान्याच्या कागदावर दिसेल, त्या घराला ओढ्याकाठीच दुसरी जागा द्यायची. बाकीच्यांनी महिन्यात उठायचं. चार घरांचे कागद निघाले. कुणाचा पगाराचा चिटोरा होता, कुणाचा दवाखान्याचा पास. कोंडीकडे काही नव्हतं. एक नवऱ्याचा शब्द होता, की माझं नाव बुकात आहे.

तिला मूल नव्हतं. उठवलं तर भावाकडे जायचं, वर डोंगरात, आणि भावजय तिला उंबऱ्यात उभी करत नव्हती. हे मला कमळ्यानं सांगितलं. तो त्या वाडीच्या अंगानंच घरी जायचा.

बुधवारी सकाळी मी माझी मूळ प्रत उघडली. पान न् पान पाहिलं. कुठेतरी, एखाद्या टिपेत, 'पोशाचा फेरा झाल्यावर' असं काही राहून गेलं असेल. नव्हतं. बॉयलरवर गेलो. रंगखात्यात गेलो, धुलाईत गेलो. फिटर म्हणाले, "काय भाऊ, चुका काढायला निघालात?" मी म्हटलं, "हो." चूक काढायलाच निघालो होतो. जन्मात पहिल्यांदा माझीच चूक सापडावी म्हणून मी देवाला हात जोडत होतो. अरे, एकशे बारा नावं, सात प्रती, दोन महिने, माणूस कुठे तरी घसरणार की नाही? बंबाजवळची प्रत कुणी वर्षानुवर्षं उघडत नसे, तिथे नक्की काही राहिलं असेल असं वाटलं. धूळ झटकली, पान सात काढलं. 'मुख्य वाफनळी, निचरा करून उघडणे.' सुरेख अक्षर. काना न् काना जागच्या जागी.

मला माझ्या अक्षराचा राग आला.

घरी गेलो आणि फळीवरचे डबे खाली काढले. शकू बघतच राहिली. "अहो, काय शोधताय?"

"फळीवर तू जुने कागद अंथरतेस ना? कारखान्यातलं एखादं पान—"

"तुम्ही कधी कारखान्यातला कागद घरी आणलात?" ती म्हणाली. "मुलांना पाठकोरा कागद आणा म्हणून मी किती वेळा सांगितलं. 'कारखान्याचा आहे' म्हणालात. पाटीवर शिकली ती."

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती डबे एकेक करून फळीवर ठेवत म्हणाली, "तुम्ही साहेबांना सांगा. तुमचा शब्द काय खोटा आहे?"

गुरुवारी साहेबांकडे गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"कर्णूक, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुम्ही म्हणता तर नाव होतंच. पण माझ्या विश्वासाचं काय करायचं? मुंबईच्या मुख्य कचेरीतून दोघं येणार आहेत, त्यांना कागद लागतो. जुनं एखादं पान नाही?"

"नाही, साहेब."

"बदलाच्या नोंदवहीत तर जुनं नाव असेल?"

"नाही. जुनं नाव लिहायचं नाही, असा नियम आहे."

"हा कुणी केला?"

"मी केला, साहेब."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मला आधी माहीत असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. त्यांना कसं माहीत असणार? सांगणारा मीच होतो, आणि मी सांगितलं नाही. तेव्हा मला पोशा आठवलाच नव्हता. यात साहेबांचा काडीचा दोष नाही.

शुक्रवारी कोंडी आली. मी तिला आत बोलावलं, बाकावर बसवलं. ती बसली नाही, जमिनीवर टेकली. मग मीही खुर्चीवरून उठलो आणि बाकावर बसलो.

"कोंडी, पुस्तकात नाव नाही."

तिनं वर पाहिलं.

"होतं. आता नाही. गेल्या वर्षी सगळी नावं बदलली. मीच बदलली. जुनी पानं जाळली."

"साती बुकातली?"

"सातही."

मला वाटलं, आता रडेल, शिव्याशाप देईल. दिले असते तर घेतले असते. मी म्हणालो, "माझं चुकलं गं. फार चुकलं माझं."

"होतं ना पन?" ती म्हणाली.

"काय?"

"नाव. होतं ना? खरंच?"

"होतं. तेरा वर्षं होतं."

तिनं एक मोठा श्वास सोडला. "वाडीतली हसायची, भाऊ. ठाकराचं नाव कंच्या बुकात आस्तंय, म्हनायची. ते तर म्हनायचे, मी हात लावून आलोय. मला बी कवा कवा वाटायचं, थाप मारतात. येकदा भांडनात मी त्यास्नी तसं बोलले बी. खोटारडे म्हनले." तिनं पदरानं नाक पुसलं. "ते काय बी बोलले नाय. उटून कामाला गेले."

मी तिला काय सांगणार? मला त्या पानावरचा काळा डाग दिसत होता. हात लावला होता त्यानं, बाई. खरंच लावला होता. तोही मीच फाडला. हे मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, बोट कसं फिरवलं, काय म्हणाला, कसा हसला. ती ऐकत होती आणि मधूनच म्हणत होती, "आसं म्हनले? येवडंच आस्तंय, म्हनले?" दोनदा मला ते परत सांगायला लावलं.

शनिवारी वाडीत टेबल मांडलं. साहेब, मुंबईचे दोघं आणि लिहायला मी. दोन याद्या होत्या. पहिली ज्यांना जागा मिळणार त्यांची, चार नावं. दुसरीवर मथळा होता, 'पुरावा नाही.' मथळाही माझ्याच अक्षरात. कार्बन घालून तीन प्रती काढायच्या, आणि नावापुढे घरच्या माणसाचा अंगठा.

सहा घरं झाली. सातवी कोंडी पुढे आली.

मुंबईच्यांपैकी एकानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी म्हणालो, "साहेब, मला माहीत आहे, मी लिहितो."

"नको. ज्याचं त्यानं सांगायचं," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, नियम तोच होता. मागे उभ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, नको घेऊस. भाऊला ठावं हाय ना."

कोंडीनं डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्याकडे पाहिलं, त्या दोघांकडे नाही.

"पोशा," ती म्हणाली. आणि जरा मोठ्यानं, जणू वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "पोशा. लिवा, भाऊ."

मी लिहिलं. सावकाश आणि ठळक लिहिलं. पोशाचं नाव मी पुन्हा कागदावर घेत होतो, आणि ते या यादीत. माझ्या डोळ्यांपुढे ओळी एकात एक जायला लागल्या.

"हेच का?" तिनं वाकून विचारलं.

"हेच."

"ह्ये बी सात हायत?"

"तीन आहेत."

तिनं शाईच्या गादीवर अंगठा दाबला. तो नावापुढच्या चौकटीत उठवायचा होता. तिनं आधी नावावरच ठेवला. नुसता ठेवला नाही, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या कान्यापर्यंत हळूच फिरवला. तिला कुणी शिकवलं होतं? कालच मी सांगितलं होतं. मग चौकटीत उठवला आणि बाजूला झाली.

नावावरून निळा, रुंद पट्टा गेला होता. अक्षरं खालून दिसत होती.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "कर्णूक, हे पान खराब झालं. दुपारी नवं लिहून घ्या."

"नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वरिष्ठाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

महिनाअखेर कोंडी डोक्यावर एक बोचकं घेऊन डोंगराच्या वाटेला लागली. कमळ्या तिला पायथ्यापर्यंत सोडून आला. मी त्या दिवशी पुस्तकाच्या कामात होतो.

ती यादी मात्र फायलीत तशीच लावली. निवृत्त होईपर्यंत अधूनमधून ती काढून बघत असे. सगळ्या नोंदखोलीत तेवढं एकच पान मळकं होतं.